बिराजदार सरांचे दोन सायलेन्सर

‘पुरुषांच्या क्षेत्रातला तुमचा संघर्ष’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी कळवलं होतं. मी फोन करून सांगितलं की माझा संघर्ष मुख्यतः गंजलेल्या नटांशी झाला, आणि समोर बाई आहे की बुवा याने नटाला काही फरक पडत नाही. तो दोघांनाही सारखाच छळतो. मग ते म्हणाले, जे आठवेल ते लिहा. मला सायलेन्सर आठवतात. ज्यांना संघर्ष हवा असेल त्यांनी पान उलटावं, पुढे बहुधा कुणीतरी शिखर चढत असेल.

मी लातूरची. आमचं गॅस वेल्डिंगचं दुकान अब्बांनी काढलं, मी चालवलं. मोटारसायकलचा सायलेन्सर जोडणं, जाळी बदलणं, नाहीतर अख्खा काढून नवा बसवणं, हे माझं काम. इंजिनाला हात लावायची वेळ आली तर लावते, पण हौस नाही.

ज्यांनी सायलेन्सर फक्त पोटरी भाजल्यावर पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंजिनात दर क्षणाला छोटे स्फोट होत असतात. त्यांचा धूर आणि आवाज एका वाकड्या नळीतून मागे येतो, तिला आम्ही बेंड पाइप म्हणतो. पुढे जाड नळकांडं असतं, तो सायलेन्सर. त्याच्या पोटात भोकाभोकांची जाळी असते. आवाज त्या भोकांतून आत-बाहेर करत दमतो आणि शेवटी मुकाट्याने बाहेर पडतो. जाळी फुटली किंवा काढली की तोच आवाज न दमता बाहेर येतो आणि मग गल्ली दमते.

सायलेन्सर गंजतो तो बहुतेकदा आतून. धुरात पाणी असतं. गाडी लांब पळाली तर ते वाफ होऊन जातं. पण आमच्याकडे घरापासून कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गाडी काढतात. नळी तापायच्या आत पान तयार असतं. पाणी आतच राहतं आणि दोन पावसाळ्यांत बुडाला भोक. मी गिऱ्हाइकांना सांगत आले की पानाला पायी गेलात तर सायलेन्सर दुप्पट टिकेल. एकानेही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर माझं घर कशावर चाललं असतं, हा विचार मी नंतर केला.

घरी जाऊन सायलेन्सर बदलायची सुरुवात भूकंपामुळे झाली.

भूकंप झाला तेव्हा मी विशीत होते. महिन्याभरात लातुरातले झाडून सगळे वेल्डर पत्र्याची शेडं उभारायला औसा-निलंग्याकडे गेले. अब्बाही गेले. दुकान आणि गॅसची नळी माझ्या हाती आली. त्या आधीचं वर्षभर त्या भागात जमीन अधूनमधून गुरगुरायची म्हणतात, आणि नंतरही गुरगुरत राहिली. त्यामुळे लोकांचे कान जमिनीला लागलेले. अशा वस्तीत कुणी फुटक्या सायलेन्सरची गाडी घेऊन आला की आख्खी वस्ती शेडाबाहेर. हातातली भाकरी हातात घेऊन. मग एका वस्तीने ठराव केला की आवाजाची गाडी वेशीबाहेर बंद करायची आणि ढकलत आणायची. तिथल्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज अर्धा मैल गाडी ढकलायचा. तो दुकानात येऊन म्हणाला, “बाई, गाडी तुमच्यापर्यंत आणू म्हणलं तर वस्तीतून बाहेर काढताना पुन्हा ढकलावी लागती. त्यापेक्षा तुम्हीच चला.” मी पिशवीत नट खोलायचे पाने, हातोडी आणि सायलेन्सर घालून एसटीने गेले. शेडाच्या दारात बसून तासाभरात काम केलं. परत येताना आणखी तिघांनी धरलं.

तेव्हापासून मी घरी जाते. दुकानातल्यापेक्षा घरचं काम मला आवडतं. दुकानात गिऱ्हाईक आपल्याला शिकवतं. घरी त्याची बायको त्याला शिकवते, आणि आपलं काम शांतपणे होतं.

पुढे लातूरचा नूरच बदलला. बारावीच्या निकालांमुळे चहूकडची मुलं इथे यायला लागली. जळकोट, चाकूर, किनवट, कुठून कुठून. ज्यांच्या घराला एक खोली जास्त होती ते घरमालक झाले, ज्यांना एक विषय येत होता ते सर झाले. वेल्डरांना शेडांनंतर काय, अशी काळजी होती, ती मिटली. मुलांना झोपायला लोखंडी पलंग लागतात. सगळे त्यातच गुंतले. पण या मुलांतल्या काहींना गाड्या मिळाल्या आणि ज्यांच्या आईबापांनी फुटक्या सायलेन्सरला घाबरून शेडाबाहेर धाव घेतली होती, त्यांची पोरं माझ्याकडे चांगल्या सायलेन्सरची जाळी काढून घ्यायला आली. आवाज भारी पाहिजे म्हणे. मी काढून दिली. हे लपवण्यासारखं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

काही बाप पोरांची ही हौस मोडून काढायलाही मलाच बोलवायचे. चाकूरच्या एका पाटलांनी पोरगा वर्गात असताना माझ्याकडून त्याच्या गाडीला कंपनीचा सायलेन्सर बसवून घेतला. आम्ही समोरच्या चहाच्या गाड्यावर थांबलो. पोरगा आला, त्याने किक मारली. गाडी सुरू झाली, पण आवाज नाही म्हणून त्याला ते कळेना. तो चालू गाडीला किका मारत राहिला. पाटील म्हणाले, “बगा बाई, ह्याला डाक्टर करायलो मी.”

आता बिराजदार सर.

सर उदगीरकडचे, फिजिक्स शिकवायचे आणि चांगलं शिकवायचे. त्यांचा वर्ग ज्या घराच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा ते घर अक्कांचं. अक्का भूकंपातल्या एका गावच्या. घर गेलं, घरातली दोन माणसं गेली. कोण ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे मुलाने लातुरात घर बांधलं, वर हॉल काढला आणि तो नोकरीला सोलापूरला गेला. खाली अक्का एकट्या.

सरांची गाडी जुनी, दोन नळ्यांची. एकाच इंजिनाला डावी-उजवीकडे एक-एक सायलेन्सर. ती गाडी निघायची बंद होऊन जमाना झाला होता, पण सरांचा तिच्यावर जीव. रोज सकाळी सहाच्या बॅचला ते गाडी फाटकातून आत घेत, जिन्याखालच्या बोळात स्टँडवर लावत आणि इंजिन आणखी दोन मिनिटं चालू ठेवत. इंजिन एकदम बंद करू नये, हळूहळू निवू द्यावं, असं त्यांचं शास्त्र होतं.

त्या दोन मिनिटांत अक्का रोज घराबाहेर येऊन अंगणातल्या लिंबाखाली उभ्या राहायच्या. अंगावर पांघरूण, कमरेला किल्ल्या. इंजिन बंद झालं की आत जायच्या. दोन वर्षं हे चाललं होतं. सरांना वाटायचं अक्का आपल्या स्वागताला येतात. ते रोज “नमस्कार अक्का” म्हणायचे.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी अक्का बाहेर येताना पायरीवरून घसरल्या आणि मनगट मुरगळलं. त्या दिवशी त्यांनी सरांना खाली बोलावून घेतलं. सरांनी नंतर मला ते शब्दशः सांगितलं. अक्का म्हणाल्या, “सर, तुमची गाडी आली की मला घरात बसवत न्हाई. इतके दिस पाय चांगले होते, बाहीर पळाले. आता पडायले. येत्या ऐतवारपर्यंत गाडीचं कायतरी करा. न्हाई झालं तर हॉल सोडा.”

सर म्हणाले, मी गाडी आणणारच नाही, रिक्षाने येतो.

“आज म्हणताव. पावसाळ्यात आणचाल. मला रोज सकाळी कान देऊन बसायचं न्हाई, आली का न्हाई आली. येकदा काय ते मला घरात बसून बघू द्या. मी उठले न्हाई तर हॉल तुमचा.”

बारावीची परीक्षा महिन्यावर आलेली. गल्लीतला एकही हॉल रिकामा नव्हता. न्हाव्याच्या दुकानावरच्या माळ्यावरसुद्धा केमिस्ट्री चालू होती. सरांच्या दोन बॅचेस, त्या पोरांना घेऊन जायचं कुठे? म्हणजे रविवारी अक्का जागेवरून उठल्या की वर्ग रस्त्यावर, असा साधा हिशोब होता.

कुणीही शहाणा माणूस त्याच दिवशी माझ्याकडे आला असता. पण सर फिजिक्सचे. त्यांनी मंगळवारी स्वतःच्या घरी, अंगणात, सायलेन्सर काढायला घेतला.

घरी सायलेन्सर काढणं अवघड नाही, मी कुणालाही शिकवते. इंजिन थंड हवं. आदल्या दिवशी नटांवर डिझेल सोडून ठेवायचं. नट सुटत नसेल तर त्याच्याशी भांडायचं नाही, चहा पिऊन यायचं. नवा बसवताना सांध्यातून धूर गळू न देणारं गॅस्केट नवंच घालायचं, आणि पुढचा नट आधी आवळायचा नाही. पुढचा-मागचा दोन्ही ढिले लावून पाइप आपल्या जागी बसला की मग पुढचा घट्ट, शेवटी मागचा. लग्न जमवताना करतात तसंच, दोन्हीकडून थोडं ढिलं ठेवायचं.

या दोन नळ्यांच्या गाडीत मात्र एक खोड आहे. तिचा बेंड पाइप एका मोठ्या गोल चकतीसारख्या नटाने थेट सिलिंडरच्या तोंडात आवळलेला असतो. तो काढायला वेगळा पंजा-पाना लागतो. सरांकडे पंजा-पाना नव्हता, छिन्नी होती. छिन्नी-हातोडीने त्यांनी डावा नट काढला, उजवा काढला, पाइप साफ करून परत बसवायला घेतले आणि डावा नट तिरपा चढवला. तिरपा चढलेला नट जड जातो, म्हणजे तो बरोबर चालला नाही हे तो सांगत असतो. सरांना वाटलं गंज आहे. त्यांनी जोर लावला. सिलिंडरच्या तोंडातले आटे गेले. आटे गेले म्हणजे नट नुसता फिरतो, धरत नाही.

बुधवारी सर दुकानात आले, पायी, हाताला काळं, आणि माझ्या स्टुलावर बसले.

“रझियाबाई, थोडा प्रॉब्लेम झालाय.”

“छिन्नी वापरली का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“अंगठ्याला फडकं बांधलंय तुम्ही.”

मी त्यांच्या घरी गेले. गाडी अंगणात, सगळे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले आणि प्रत्येकाजवळ चिठ्ठी, एक, दोन, तीन. फार सुबक. सरांच्या बायकोने दारातून विचारलं, “जोडता येईल का आता?” मी म्हटलं, चिठ्ठ्यांमुळे काम सोपं झालंय. ती म्हणाली, “चिठ्ठ्या मी लावल्या.”

मी डावा सायलेन्सर उचलून उजेडात धरला. आत जाळीच नव्हती. उलटा केला, उजवाही पाहिला, त्यातही नाही. मागच्या टोकाशी कुणीतरी कापून, जाळी काढून, परत वेल्डिंग केलेलं. वेल्डिंगची रेघ म्हणजे अक्षर असतं, ज्याचं त्याला ओळखू येतं. ते अक्षर माझं होतं.

सर माझ्याकडे पाहत होते. म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी मी गाडी ओढत नाही म्हणून आणली होती. तुम्ही म्हणालात, जाळी काजळीने भरलीय, काढून टाकू, मोकळी होईल.”

मला आठवत नव्हतं. तेव्हा दिवसाला पाच-सहा जाळ्या निघायच्या. साफ करायला अर्धा दिवस लागतो, काढून टाकायला पाव तास.

“अक्कांना सांगितलं का?”

“नाही,” सर म्हणाले. “तुमचं नाव मी घेतलेलं नाही.” आणि जरा थांबून, “अजून.”

फिजिक्सवाल्यांना दाब कुठे द्यायचा ते कळतं.

मी हेड उघडून सिलिंडर उतरवलं. लातुरात लेथवाले होते, पण जो तो पलंगांच्या नळ्या कापण्यात गढलेला. एकाने मला सांगितलं, “आपा, परीक्षा होऊ द्या, मग आणा.” म्हणून गुरुवारी सकाळी सिलिंडर कापडी पिशवीत घालून मी नांदेडची एसटी धरली. शेजारच्या बाईंनी पिशवीला हात लावून विचारलं, “देवाचं हाय का?” मी म्हटलं, मास्तरांचं आहे.

नांदेडात गफूरचाचा होते. अब्बांचे दोस्त, लेथवाले, वयाने वाकलेले, पण त्या जुन्या गाड्यांचा एकेक भाग त्यांना पाठ. त्यांनी सिलिंडरच्या तोंडात बोट घालून फिरवलं.

“किसने मारा बेटा इसको?”

“सर आहेत चाचा. फिजिक्सचे.”

“मास्टर लोगां को छिन्नी कौन दिया?”

त्यांनी तोंड थोडं मोठं करून नवे आटे पाडले आणि त्या मापाचा नवा नट घडवला. दुपार गेली त्यात. मी तेवढ्या वेळात भंगार बाजार पालथा घातला. त्या गाडीचे जोडीचे सायलेन्सर मिळणं म्हणजे दैवयोगच. एक मिळाला, बरा होता. दुसरा एकाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेला होता. त्याने काढून दिला, त्या जागी मी वीट लावून दिली. दोन्हींच्या पोटात जाळ्या शाबूत. गफूरचाचांनी पाहून मान डोलावली आणि म्हणाले, “जाळी निकालनेवाले को मैं पहचानता तो दो बात सुनाता.” मी चहा पीत होते, पीत राहिले.

शुक्रवारी जाळ्या जाळून साफ केल्या. शनिवारी सरांच्या अंगणात सगळं चढवलं. या वेळी सरांना पाने पुसायचं काम दिलं आणि छिन्नी त्यांच्या बायकोने आधीच पेटीत कुलूपबंद केली होती. किक मारली. खरं सांगते, ती गाडी इतकी मऊ बोलत होती की सरांनी खाली वाकून चालू आहे ना ते पाहिलं. मी मनात म्हटलं, चला, फेडलं.

रविवारी सकाळी आम्ही अक्कांकडे गेलो. अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, मनगटाला पट्टी, समोर सुपात तूरडाळ. वरच्या हॉलच्या खिडक्यांत पोरांची डोकी. त्यांनाही माहीत होतं. अक्का मला म्हणाल्या, “तू गाडीवाली का? बस. मी काय ढोंग करणार न्हाई. उठावं वाटलं तर उठीन, न्हाई वाटलं तर न्हाई उठणार.”

मी अक्कांजवळ भिंतीला टेकून बसले. सर गाडी घेऊन गल्लीच्या टोकाहून आले. फाटकापर्यंत काही ऐकूच आलं नाही. मग मऊ डुगडुग बोळात शिरली. सरांनी गाडी रोजच्या जागी स्टँडवर घेतली आणि आपल्या शास्त्राप्रमाणे इंजिन चालू ठेवलं.

अक्कांचा हात सुपावर थांबला. त्या उठल्या. घाई नाही, आरडाओरडा नाही. किल्ल्या चाचपल्या, पांघरूण घेतलं आणि माझ्यासमोरून बाहेर लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. वरच्या खिडकीतून कुणीतरी “गेलं” म्हणालं.

सरांनी गाडी बंद केली. त्यांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा. “अक्का, आता तर आवाजच नाही. तुम्हीच सांगा, आहे का आवाज?”

“आवाज न्हाई सर,” अक्का म्हणाल्या. “गाडी चांगली झाली. पण आत डब्याची झाकणं बोलायलीत. तवाबी आधी झाकणंच बोलली होती.”

मला हे ऐकून लाज वाटली. तीस सेकंद मी त्याच स्वयंपाकघरात बसले होते, मांडणी माझ्या डोक्याशी होती. मी फक्त सायलेन्सर ऐकत होते. न्हाव्याला जसं सगळ्यांचं फक्त डोकं दिसतं, तसं आमचं. गेली कित्येक वर्षं भूकंपातल्या लोकांनी मला ‘गाडीने हादरतंय’ म्हणून बोलावलं आणि मी कानाचा इलाज करून आले. काहींचं खरंच बरं झालं असेल. काहींनी भिडेखातर बरं झालं म्हटलं असेल. अक्कांना भीड नव्हती.

मी सरांना म्हटलं, पुन्हा चालू करा. आत जाऊन मांडणीवर तळहात ठेवला. पितळी डबे, स्टीलचे डबे, सगळ्यांची झाकणं बारीक किणकिणत होती. भिंतीला हात लावला, भिंत थरथरत होती. खाली फरशीला लावला, ती जास्त. बाहेर बोळात आले, गाडीच्या स्टँडजवळ पायाची टाच आपटली. धप्प न होता ढुम्म झालं.

“अक्का, बोळाखाली काय आहे?”

“हौद हाय की. पाण्याचा. पोरानं घर बांधताना काढला. लातुरात हौदाबिगर कोण राहायलंय?”

“भरलाय?”

“नळ येऊन आठ दिस झाले. बुडाला असंल थोडं.”

म्हणजे असं होतं. खाली मोठा रिकामा हौद, त्यावर शहाबादी फरशा, त्या फरशा स्वयंपाकघराच्या भिंतीखालून आत गेलेल्या, आणि त्या ढोलाच्या बरोबर मधोमध सर रोज सकाळी लोखंडी स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभे. डबे वाजणार नाहीत तर काय होईल? हौद भरलेला असला की कमी वाजत असणार, रिकामा असला की जास्त. अक्का म्हणाल्याच, “नळ आल्याच्या दिशी तेवढं बरं वाटतं. मला वाटायचं पाणी आल्याचा आनंद हाय.”

सरांनी हौदाच्या झाकणाकडे पाहिलं, वर हॉलकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. हॉलच्या खिडकीतून एका पोरीने अगदी सभ्य आवाजात विचारलं, “सर, हे अनुनादाचंच उदाहरण ना? मागच्या आठवड्यात शिकवलेलं?”

“खिडकी लाव,” सर म्हणाले.

त्यांनी तो धडा दोन वर्षं, दोन बॅचना, त्याच हौदाच्या डोक्यावर बसून शिकवला होता. त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, मीही त्यांच्या विषयाचं घेतलं नाही.

अंगणात लिंबाच्या पलीकडे मातीची जागा होती. अक्का तिथे तुळस आणि थोडी मेथी लावायच्या. मी सरांना म्हटलं, गाडी तिकडे न्या, मातीवर. स्टँडखाली लाकडाची फळी घाला. अक्कांना विचारलं, “आणखी एकदा बसाल का आत? शेवटचं.”

अक्कांनी वाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मेथीवर चाक गेलं तर हॉल तसाबी खाली करावा लागंल.” आणि आत गेल्या.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. अक्कांनी सूप पुढे ओढलं, पण डाळीला हात लावला नाही. हात मांडीवर. पाय असे, की कधीही उठता यावं. मी हात वर करून मांडणीतल्या सगळ्यात हलक्या डब्याच्या झाकणावर दोन बोटं ठेवली. बाहेर किक बसली. दारातून मऊ डुगडुग आली. माझ्या बोटांखाली झाकण थंड आणि गप्प होतं.

अक्का झाकणाकडे पाहत नव्हत्या. त्या माझ्या बोटांकडे पाहत होत्या, मी झाकण दाबून तर धरत नाही ना म्हणून. मी बोटं काढून घेतली. तरी झाकण गप्प. एक मिनिट गेलं असेल. अक्कांनी एक पाय पसरला. मग दुसरा. मग सूप मांडीवर घेतलं आणि पट्टी बांधलेल्या हाताने सावकाश डाळ पाखडायला लागल्या.

बाहेर सरांना आतलं काही दिसत नव्हतं. गाडी बंद करावी की चालू ठेवावी ते त्यांना समजेना. बंद केली आणि परीक्षा अर्धीच झाली असली तर? ते मेथीच्या वाफ्याच्या कडेला एका पायावर उभे राहून दाराकडे बघत होते. वर खिडक्या पुन्हा उघडल्या होत्या.

“अक्का,” मी हळूच विचारलं, “सांगू का त्यांना?”

अक्कांनी डाळीतला एक खडा निवडून बाजूला टाकला.

“राहू दे थोडं,” त्या म्हणाल्या. “पेट्रोल त्यांचंच हाय.”